पाणबुडीतून एस्केप आणि पाणबुडीचं रेस्क्यू: गल्लत कुठे होते?

पाणबुडीच्या अपघाताची बातमी आली की एस्केप आणि रेस्क्यू म्हणजे एकाच कामाचे दोन टप्पे, असं धरून बोललं जातं. प्रत्यक्षात हे दोन वेगळे मार्ग आहेत, आणि पुष्कळदा एक धरला की दुसरा बंद होतो. एस्केप म्हणजे आतल्या माणसानं स्वतःच्या हिमतीवर बाहेर पडून पाण्याचा पृष्ठभाग गाठणं. रेस्क्यू म्हणजे बाहेरून यंत्र खाली जाऊन त्याला वर आणणं. या विषयावरची आंतरराष्ट्रीय परिषद भरवायला मुंबईइतकं योग्य शहर मला दिसत नाही. कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्या माझगाव डॉकमध्ये बांधल्या गेल्या आणि नौदलाची पहिली डीएसआरव्ही, म्हणजे खोल पाण्यात उतरणारं बचाव वाहन, डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईतच दाखल झालं.

आधी एस्केप. खलाशी अंगभर सूट चढवतो, डोक्यावरून पारदर्शक हूड ओढून घेतो आणि एका अरुंद उभ्या नळकांड्यात शिरतो. खालचं झाकण बंद होतं. भिंतीवरच्या जोडणीतून सूटमध्ये हवा भरू लागते, पायांकडून पाणी चढू लागतं. मग दाब वाढवला जातो, तोही काही सेकंदांत, कारण दाबाखाली जितका कमी वेळ राहावं तितका रक्तात नायट्रोजन कमी विरघळतो. कानांत कळ येते. आतला आणि समुद्राचा दाब सारखा झाला की वरचं झाकण उघडतं आणि माणूस सेकंदाला दोन-तीन मीटर वेगानं वर निघतो. वर जाताना फुप्फुसांतली हवा फुगत जाते, म्हणून हूडमधल्या हवेत श्वास चालूच ठेवायचा. रोखून धरला तर फुप्फुसं फाटू शकतात. याची मर्यादा साधारण १८० मीटर. भारतात हे शिक्षण विशाखापट्टणमला आयएनएस सातवाहन या नौदलाच्या प्रशिक्षण तळावर मिळतं. कलवरी वर्गासाठी तिथे ‘विनेत्र’ हे खास केंद्र २०२४ मध्ये सुरू झालं.

रेस्क्यूमध्ये आतल्या माणसाला जवळजवळ काहीच करायचं नसतं. हेच सगळ्यात अवघड. हवा पुरवून वापरायची, हालचाल कमी ठेवायची आणि वाट पाहायची. वर जहाज सोनारनं पाणबुडी शोधतं, दूरनियंत्रित यंत्र खाली जाऊन झाकणाभोवतीचा कचरा, दोर दूर करतं, मग डीएसआरव्ही उतरते. तिच्या बुडाशी घंटेसारखा घेर असतो, तो पाणबुडीच्या झाकणाभोवतीच्या सपाट कड्यावर टेकवतात. घेरातलं पाणी उपसलं की समुद्राचा दाबच तिला तिथे घट्ट दाबून धरतो. झाकणं उघडतात आणि माणसं पाण्याला स्पर्श न होता वर चढतात. आपली डीएसआरव्ही ६५० मीटरपर्यंत जाते आणि एका खेपेला १४ जणांना आणू शकते.

मुंबईसमोरचा समुद्र डोळ्यांपुढे आणा. मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे, तरी तिथे खोली ७५ मीटरच्या आसपास. म्हणजे या उथळ पट्ट्यात दोन्ही मार्ग खुले आहेत. मग निवड कशी करायची? आत पाणी शिरून हवेचा दाब चढत असेल तर थांबणं घातक, कारण शरीर त्या दाबाला सरावलं की झटकन वर येणं जिवावर बेतू शकतं. उलट, एस्केपच्या प्रत्येक फेरीत आणखी थोडं पाणी आत येतं आणि मागे राहिलेल्यांसाठी दाब वाढतो. हा निर्णय अंधारात, डोकं जड झालेलं असताना, आतला अधिकारी घेतो. परिषदेत यंत्रांइतकाच वेळ या निर्णयाला मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

१९३९ च्या दोन घटना यासाठी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. २३ मे रोजी अमेरिकेची स्क्वालस बुडाली. मागच्या भागातले २६ जण गेले, पण उरलेले ३३ थांबले आणि वरून सोडलेल्या बचाव घंटेतून, म्हणजे घंटेच्या आकाराच्या बंद कक्षातून, सगळे वर आले. १ जूनला ब्रिटनची थेटिस लिव्हरपूलच्या उपसागरात समुद्री चाचणीत बुडाली. तिची शेपटी पाण्याबाहेर दिसत होती, तरी १०३ पैकी चौघेच एस्केप करू शकले. नेहमीच्या जवळपास दुप्पट माणसं आत होती, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड लवकर साचला. त्यांत जहाजबांधणी कारखान्याचे कामगारही होते. माझगावात नातेवाईक नोकरीला असलेल्या कुटुंबांना हे वेगळं सांगायला नको: चाचणीवरची पाणबुडी फक्त नौसैनिकांची नसते, आणि एस्केपचा सराव नसलेल्याला आधार रेस्क्यूचाच.

आंतरराष्ट्रीय सहकार्याचा मोठा वाटाही रेस्क्यूचाच आहे. ऑगस्ट २००० मध्ये १०८ मीटरवर रशियाची कुर्स्क बुडाली तेव्हा स्फोटांनंतर २३ जण मागच्या कप्प्यात जिवंत होते. ११८ पैकी कुणीही वाचलं नाही. परदेशी मदत स्वीकारायला रशियाला चार दिवस लागले. त्यानंतर देशांमध्ये समन्वयासाठी इस्मर्लो हे कार्यालय उभं राहिलं. एका देशाचं बचाव वाहन दुसऱ्याच्या पाणबुडीवर बसावं म्हणून झाकणाच्या कड्याची मापं जुळवणं, हेही अशाच बैठकांचं काम. एप्रिल २०२१ मध्ये इंडोनेशियाची नांगाला हरवली, तेव्हा भारतानं दुसऱ्याच दिवशी विशाखापट्टणमहून डीएसआरव्ही पाठवली. पाणबुडी ८३८ मीटरवर तुटलेली सापडली. तिथे ५३ जणांसाठी दोन्ही मार्ग संपलेले होते.

मुंबईपुरता माझा आग्रह पावसाळ्याच्या चर्चेचा आहे. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो. अशा लाटांत डीएसआरव्ही जहाजावरून सोडणं आणि परत उचलून घेणं हा सगळ्यात नाजूक भाग, आणि एस्केप करून वर आलेल्या माणसाला शोधून डीकॉम्प्रेशन चेंबरपर्यंत, म्हणजे शरीरावरचा दाब हळूहळू उतरवणाऱ्या बंद खोलीपर्यंत, नेणंही तितकंच कठीण. परदेशातून यंत्रणा आलीच, तर सहारच्या विमानतळावरून तिचे जड कंटेनर भर पावसात गोदीपर्यंत कोणत्या रस्त्यानं न्यायचे, कोणत्या जहाजाच्या डेकवर ती बसवायची आणि या सगळ्याला किती तास लागतील, याचा हिशेब परिषदेच्या टेबलावर मांडायला हवा.