रास्प: खरवडीतून आलेला शब्द

लोखंड घासायच्या साध्या कानशीवर बोट फिरवलं तर समांतर रेघा हाताला लागतात. रास्प हीसुद्धा कानसच, पण लाकडाची आणि घोड्याच्या खुरांची. तिच्यावर रेघा नसतात, सुटे दात असतात. टोकदार छिन्नीने पोलादावर ठोका मारला की धातू किंचित उचलला जातो आणि एक दात उभा राहतो. मग त्याच्या शेजारी दुसरा ठोका. फ्रान्समध्ये काही कारागीर आजही असे दात हाताने उठवतात. ते अगदी एका ओळीत येत नाहीत, आणि तोच त्यांचा गुण. मागचा दात पुढच्याच्या चरीतून जात नाही, म्हणून लाकडावर खोल ओरखडे उरत नाहीत. शब्दकोशात ‘रास्प म्हणजे कानस’ एवढंच वाचलं की हे सगळं निसटतं.

इंग्रजीत हा शब्द मध्ययुगात जुन्या फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये जर्मानिक बोलींतून. जुन्या जर्मनमध्ये ‘रास्पोन’ म्हणजे खरवडून गोळा करणं. हा अर्थ मला फार मोलाचा वाटतो. दूध आटवलेल्या पातेल्याची खरवड आपण काढतो ती काही भांडं स्वच्छ व्हावं म्हणून नाही; ती वाटीत घेऊन खायची असते. खरवडण्यात नुसतं घासणं नाही, हाती काही लागणंही आहे. इंग्रजीत आज खरखरीतपणा तेवढा उरला, गोळा करणं मागे पडलं.

फ्रेंचमध्ये पुढे मधला ‘स’ गळाला आणि ‘रापे’ हे रूप राहिलं. सतराव्या-अठराव्या शतकात तपकीर ओढणारे शौकीन तंबाखूची घट्ट वळलेली गुंडाळी आणि छोटी किसणी जवळ बाळगत, लागेल तेवढी ताजी तपकीर किसून घेत. त्या किसण्यांच्या पाठी हस्तिदंती, नक्षीदार असत. इंग्रजीत जाडसर तपकिरीला ‘रापी’ म्हणतात, ते नाव इथूनच आलं.

या शब्दाच्या इतिहासातली सगळ्यात क्लेशाची जागा आहे अ‍ॅमस्टरडॅममध्ये. 1596 साली तिथे एका जुन्या मठाच्या इमारतीत पुरुषांसाठी सुधारगृह सुरू झालं. त्याला नाव पडलं ‘रास्पहाउस’, कारण कैद्यांना दिलेलं काम. ब्राझीलवुडचे दगडासारखे कठीण ओंडके अनेक पात्यांच्या जड करवतीने, दोघांनी दोन टोकं धरून, भुकटी होईपर्यंत खरवडायचे. त्या भुकटीतून कापडाचा लाल रंग निघे, आणि ती करण्याचा मक्ताही शहराने या संस्थेला दिला होता. नाव सुधारणेचं, पण मेहनत कैद्यांची आणि नफा रंगाचा, असं मला ते वाचताना वाटत राहतं. 1815 मध्ये ते बंद झालं. हायलिगेवेख रस्त्यावर त्याचं दगडी प्रवेशद्वार आजही उभं आहे.

या लाकडाचं आपल्याशी एक नातं आहे. युरोपात ‘ब्राझील’ हे नाव आधी आशियातून येणाऱ्या लाल लाकडाचं होतं, म्हणजे आपल्याकडच्या पतंग नावाच्या झाडाचं. पोर्तुगीजांना दक्षिण अमेरिकेत तसंच झाड सापडलं आणि त्यावरून देशाला नाव मिळालं.

जर्मनमध्ये ‘रास्पेल्न’ म्हणजे किसणं. लाडीगोडी लावणारा माणूस तिथे ज्येष्ठमध किसत असतो. आपल्याकडे तोच साखरपेरणी करतो. रास्पबेरी मात्र या घरातली म्हणून सांगता येत नाही. फळ खरखरीत म्हणून नाव तसं, ही समजूत सोपी आहे, पण अभ्यासक तिच्या ‘रास्पिस’ या जुन्या नावाची सांगड बहुधा एका गोड, गुलाबी मद्याच्या नावाशी घालतात.

आवाजाला ‘रास्पी’ म्हणतात तेव्हा मराठीत सरसकट ‘घोगरा’ लिहिलं जातं. ते मला पटत नाही. घोगरा आवाज जड, खोल असतो. रास्पी आवाजात दात लाकडावरून फिरल्याची खरखर ऐकू यायला हवी, म्हणून ‘खरखरीत’ हाच शब्द जवळचा.

आणि गोळा करण्याचा तो जुना अर्थ स्पॅनिशमधल्या एका नावात अजून भेटतो. मेक्सिकोत गाडीवाला बर्फाची लादी खरवडतो, निघालेला चुरा पेल्यात भरतो आणि वरून रंगीत पाक ओततो. त्याला ‘रास्पादो’ म्हणतात. आपला गोळेवाला तोच चुरा काडीभोवती दाबून हातात देतो.