खुशू (नमाजातील एकाग्रता)

नमाज पढताना शरीर स्थिर आणि मन अल्लाहसमोर नम्र व जागे असणे, या अवस्थेला इस्लाममध्ये खुशू म्हणतात. कुरआनच्या २३व्या सूरेत (अध्यायात) यशस्वी श्रद्धावंतांचे पहिले लक्षण म्हणून तिचा उल्लेख येतो. १०७व्या सूरेत नमाजाबाबत गाफील राहणाऱ्यांना कडक इशारा आहे.

दिवसाच्या पाच नमाजांत मिळून १७ फर्ज (अनिवार्य) रकाती (नमाजाची आवर्तने) होतात आणि सूरह फातिहा (कुरआनचा पहिला अध्याय) वारंवार म्हटली जाते. खरी अडचण याच सरावातून येते, कारण जीभ आपोआप चालते आणि मन भलतीकडे भटकते. एका हदीसनुसार (पैगंबरांच्या नोंदवलेल्या वचनानुसार) फातिहा अल्लाह आणि बंदा (उपासक) यांच्यात विभागलेली आहे: बंदा स्तुतीची आयत (ओळ) म्हणतो आणि अल्लाह तिला उत्तर देतो. म्हणून सातही आयती एका दमात न उरकता प्रत्येक आयतीनंतर क्षणभर थांबावे. ‘इय्याक नअबुदु’पासून (‘आम्ही तुझीच उपासना करतो’) स्तुतीकडून मागणीकडे वळण येते, हा बदल लक्षात घेऊन म्हटले तरी पाठांतराचा यांत्रिकपणा बराच कमी होतो. अर्थ माहीत नसेल, तर निदान फातिहा आणि तस्बीहचा (अल्लाहच्या गौरवाच्या वचनांचा) अर्थ आधी शिकून घ्यावा.

शरीराची घाई मनालाही लागते. रुकूमध्ये (कमरेतून वाकलेल्या स्थितीत) पाठ सरळ होऊन सांधे स्थिरावले पाहिजेत आणि ‘सुब्हान रब्बियल अज़ीम’ किमान तीनदा सावकाश म्हटले पाहिजे. सर्वाधिक चुका पुढे होतात: रुकूतून पुरते उभे न राहता सजद्यात (जमिनीवर माथा टेकण्याच्या स्थितीत) जाणे आणि दोन सजद्यांमध्ये नीट न बसणे. असा घाईचा नमाज पढणाऱ्याला पैगंबरांनी ‘परत जा, पढ; तू पढलाच नाहीस’ असे सांगून तीनदा माघारी पाठवले होते. शाफिई आणि हंबली या विधिपंथांच्या मतांनुसार या स्थैर्याशिवाय नमाजच होत नाही; हनफी पंथाच्या फिक्हमध्ये (धर्मविधिशास्त्रात) ते सामान्यतः वाजिब (आवश्यक, पण फर्जच्या खालोखाल) मानतात. सजद्यात नाकासह कपाळ, दोन्ही तळवे, दोन्ही गुडघे आणि दोन्ही पायांची बोटे टेकतात. बंदा अल्लाहच्या सर्वांत जवळ असतो तो सजद्यातच, म्हणून तिथे जास्त दुआ (प्रार्थना) करण्यास सांगितले आहे.

तयारी तकबीरच्या (‘अल्लाहु अकबर’ म्हणून नमाज सुरू करण्याच्या) आधीच सुरू होते. भूक लागली असून जेवण समोर असेल तर आधी जेवावे. लघवी-शौचाची घाई असेल तर आधी मोकळे व्हावे. नक्षीदार कापडाकडे लक्ष गेले म्हणून पैगंबरांनी ते काढून साधे मागवले होते. भरगच्च नक्षीचे मुसल्ले (नमाजाच्या चटया) आज सर्रास वापरले जातात, पण साधा केव्हाही बरा. उभे असताना नजर सजद्याच्या जागेवर ठेवावी. डोळे मिटणे सामान्यतः मकरूह (टाळण्याजोगे) मानतात; समोर लक्ष विचलित करणारे काही असेल, तर काही विद्वान मुभा देतात.

मनात विचार आले म्हणून नमाज तुटत नाही. ते उकरून न काढता पुढच्या शब्दाकडे वळावे. रकातींच्या संख्येबद्दल शंका आली, तर कमी संख्या धरून नमाज पूर्ण करावा आणि सजदा-ए-सह्व (चुकीच्या भरपाईचा सजदा) म्हणून दोन सजदे करावेत. हनफींमध्ये, वारंवार शंका येणाऱ्याने आधी प्रबळ अंदाज धरावा.

खुशू नसला तरी फर्ज अदा होतो, असे बहुतेक फकीह (धर्मविधिज्ञ) मानतात. मात्र सवाब (पुण्य) घटतो. नमाजातून कुणाच्या पदरी अर्धा, तर कुणाच्या जेमतेम दहावा हिस्सा पडतो, असे हदीसमध्ये आले आहे. इस्लामी विद्वान अल-गझाली (मृत्यू ११११) अधिक काटेकोर होते: निदान पहिल्या तकबीरला तरी मन हजर हवे, ही त्यांनी किमान अट मानली.