मॅनिंगचा सुपर बोल आणि ब्रेडीचा सुपर बोल: एकाच माळेचे मणी नव्हेत

सुपर बोल (अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगची फायनल) जवळ आला की ही जोडी लावलीच जाते: पेटन मॅनिंग आणि टॉम ब्रेडी. दोघांची वर्षानुवर्षांची टीम सुटली, दोघांनी दुसरीकडे बस्तान बसवलं आणि चाळिशीच्या आगेमागे तिथेही ट्रॉफी उचलली. तारीखसुद्धा एकच, 7 फेब्रुवारी. मॅनिंगची 2016 ची, ब्रेडीची 2021 ची. मग ‘मुरलेला क्वार्टरबॅक (पास टाकणारा, आक्रमणाचा म्होरक्या) उतारवयातही फायनल एकहाती मारतो’ याला पुरावा म्हणून दोघांचीही नावं एका दमात घेतली जातात. यातला एकच पुरावा टिकतो.

किरकोळ गोंधळ आधी उरकून टाकू. पेटन हा थोरला भाऊ; ब्रेडीला फायनलमध्ये दोनदा पाणी पाजणारा एलाय मॅनिंग तो धाकटा. मॅनिंगचा मोसम 2015 चा असला तरी फायनल 2016 मध्ये, कारण ती पुढच्या वर्षातच पडते. आणि एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडूचा मान) दोन असतात, मोसमाचा निराळा, फायनलचा निराळा. बस.

ब्रेडीचं तुम्हाला पाठच असेल. वय 43, टॅम्पा बे, 29 पैकी 21 पास लागले, पासने कापलेले 201 यार्ड, 3 टचडाऊन पास (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात, म्हणजे एंड झोनमध्ये पोचला की टचडाऊन, सहा गुण), इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने पकडलेला पास) शून्य, कॅन्सस सिटी चीफ्सवर 31–9, फायनलचा एमव्हीपी, विजेत्याची सातवी अंगठी.

आता मॅनिंग. वय 39, डेन्व्हर, कॅरोलायनावर 24–10. पण पास 23 पैकी 13, यार्ड 141, टचडाऊन पास एकही नाही, 1 इंटरसेप्शन, 5 सॅक (पास टाकण्याआधीच त्याला पाडलं). यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘अहो, ब्रेडीचे तरी 201 च होते, फरक 60 यार्डांचा!’ हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. यार्ड मोजून काय होणार? चेंडू हातात आला तेव्हा मैदान किती उरलं होतं, हे बघा.

डेन्व्हरचे 24 गुण सुटे करू. पहिल्या क्वार्टरमध्ये डेन्व्हरच्या बचावफळीतल्या व्हॉन मिलरने कॅरोलायनाचा क्वार्टरबॅक कॅम न्यूटन याच्या हातातून चेंडू उडवला आणि साथीदार मलिक जॅक्सनने तो एंड झोनमध्येच धरला. सात गुण (टचडाऊनचे सहा, नंतरच्या किकचा एक), मॅनिंग बाहेर बाकावर. पुढे डेन्व्हरच्या जॉर्डन नॉरवुडने पंट (प्रतिस्पर्ध्याने लाथेने लांब भिरकावलेला चेंडू) झेलून 61 यार्ड धाव घेतली आणि चेंडू थेट कॅरोलायनाच्या 14 यार्डांवर आणून ठेवला. तिथूनही टचडाऊन झाला नाही, फील्ड गोलवर (खांबांमधून मारलेली किक) भागलं. तीन गुण. शेवटच्या क्वार्टरमध्ये, साडेचार मिनिटांच्या आत खेळ उरलेला आणि धावफलक 16–10, मिलरने पुन्हा न्यूटनकडून चेंडू सोडवला. चेंडू गवतावर, न्यूटन वाकला, थबकला, मागे सरला, आणि डेन्व्हरच्या टी. जे. वॉर्डने तो उचलला. कॅरोलायनाची गोललाइन जेमतेम चार यार्डांवर होती. सी. जे. अँडरसनने धावून टचडाऊन केला आणि वर बेनी फाउलरला दिलेल्या पासवर दोन गुण मिळाले. मॅनिंगच्या कारकिर्दीतला तो शेवटचा पास. हे आठ.

सात, तीन आणि आठ मिळून अठरा. मॅनिंगने मैदान चढून मिळवलेले उरले सहा: दोन फील्ड गोल. डेन्व्हरच्या अख्ख्या आक्रमणाने त्या दिवशी 194 यार्ड केले, सुपर बोल जिंकणाऱ्या टीमचा हा नीचांक. एमव्हीपी मिलर झाला, आणि त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

हीच फूटपट्टी टॅम्पाला लावा. पहिला टचडाऊन 75 यार्डांच्या मोहिमेवर. मध्यंतराआधी मिनिटभर उरलं असताना चीफ्सने चेंडू परत मिळेल या आशेने टाइमआउट घेतले, आणि ब्रेडी तेवढ्या वेळात 71 यार्ड चढला. सहा सेकंद बाकी असताना टचडाऊन, 21–6. त्यातले बरेच यार्ड चीफ्सच्या पेनल्टींनी दिले हे खरं, पण पेनल्टी पडली ती लांब पास टाकला म्हणून.

बचावफळी टॅम्पाचीही जबरदस्त होती, हा आक्षेप मला मान्य आहे. चीफ्सला एकही टचडाऊन मिळाला नाही. मात्र त्यांचे नेहमीचे दोन्ही टॅकल (क्वार्टरबॅकला कडेने राखणारे गडी) जायबंदी होते, आणि पंधरा गुणांनी मागे पडल्यावर त्या मोडक्या लाइनमागून त्यांच्या क्वार्टरबॅकला, महोम्सला, पासच टाकत राहावं लागलं. ती आघाडी ब्रेडीच्या तीन टचडाऊन पासांची होती. डेन्व्हरमध्ये नेमकं उलट: बचावफळीने सामना काढला आणि मॅनिंगने तो घालवला नाही.

‘घालवला नाही’ हे मी हिणवून म्हणत नाही. त्या मोसमात त्याचे 9 टचडाऊन आणि 17 इंटरसेप्शन होते. ज्या सामन्यात त्याने कारकिर्दीतल्या पासिंग यार्डांचा विक्रम मोडला, त्याच सामन्यात 20 पैकी 5 पास लागले, चार पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडले आणि त्याला बसवून राखीव क्वार्टरबॅक ब्रॉक ऑस्वायलरला पाठवलं. पायाची टाच दुखावलेली, हातात जोर नाही. उरली होती ती समोरची रचना वाचायची नजर, आणि तीत मी त्याला आजही ब्रेडीच्या वर ठेवतो. सुपर बोलच्या आधी एएफसीच्या (लीगच्या दोन गटांपैकी एक) अंतिम सामन्यात त्याने याच ब्रेडीच्या पेट्रियट्सविरुद्ध दोन टचडाऊन पास दिले आणि डेन्व्हर 20–18 ने तरलं. तिथेही ब्रेडीला दिवसभर झोडपलं ते मिलर आणि मंडळींनीच.

ही बचावफळी आभाळातून पडली नव्हती. 2013 च्या मोसमात मॅनिंगने 55 टचडाऊन पास टाकून विक्रम केला आणि फायनलमध्ये सिअ‍ॅटलने त्यांना 43–8 असं धुतलं. त्यानंतर पुढच्याच महिन्यात डेन्व्हरचा कारभारी जॉन एल्वेने पैसा ओतला तो बचावावर: डीमार्कस वेअर, अकीब तालिब, टी. जे. वॉर्ड.

ब्रेडीच्या शेजारी कुणाला बसवायचंच असेल, तर या एल्वेलाच बसवा; तोही एकेकाळी डेन्व्हरचा क्वार्टरबॅक होता. जानेवारी 1999, मायामी, वय 38: अटलांटाविरुद्ध 336 यार्ड, रॉड स्मिथला 80 यार्डांचा टचडाऊन पास, एक टचडाऊन स्वतः धावून, 34–19, फायनलचा एमव्हीपी, आणि त्याच वर्षी निवृत्ती.