समलिंगी आणि हुजूर: ब्रिटनमधील एका जुन्या पेचाची पार्श्वभूमी

नोव्हेंबर १९५८ मध्ये लंडनच्या सेंट जेम्स पार्कमध्ये पोलिसांनी इयान हार्वे यांना कोल्डस्ट्रीम गार्ड्सच्या एका सैनिकासोबत पकडले. हार्वे तेव्हा हॅरो ईस्टचे हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे परंपरावादी) पक्षाचे खासदार होते आणि परराष्ट्र खात्यात कनिष्ठ मंत्री होते. न्यायालयाने उद्यानाचे नियम मोडल्याबद्दल त्यांना अवघा पाच पौंड दंड केला. मंत्रिपद आणि खासदारकी मात्र दोन्ही गेली आणि ते पुन्हा कधीही संसदेत परतले नाहीत. तरीही आपला राजकीय विचार त्यांनी सोडला नाही. पुढे समलिंगी हक्कांसाठी काम करतानाही ते हुजूर म्हणूनच ओळखले गेले. ‘समलिंगी असून तुम्ही उजव्या पक्षात कसे?’ हा प्रश्न आजही सर्रास विचारला जातो. तो विचारणाऱ्याने हा इतिहास पाहायला हवा, कारण हा पेच बाहेरून लादलेला नव्हता. तो त्या पक्षाच्या स्वतःच्या विचारातच होता.

हार्वे यांना अटक झाली त्याच्या वर्षभर आधी, सप्टेंबर १९५७ मध्ये, वुल्फेंडन समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला होता. ही समिती हुजूर सरकारनेच १९५४ मध्ये नेमली होती. दोन प्रौढ पुरुष परस्परसंमतीने खासगीत काय करतात तो कायद्याचा विषय असू नये, अशी तिची शिफारस होती आणि तेरा सदस्यांपैकी केवळ एकाने तिला विरोध केला. घराच्या उंबरठ्याआत सरकारने पाऊल टाकू नये, हा विचार परंपरावादी परंपरेत जुनाच आहे. पण सरकारने अहवाल बासनात गुंडाळून ठेवला. १९६५-६६ मध्ये हुजूर खासदार हम्फ्री बर्कली यांनी ही शिफारस अमलात आणणारे खासगी विधेयक आणले. फेब्रुवारी १९६६ मध्ये ते दुसऱ्या वाचनात १६४ विरुद्ध १०७ मतांनी मंजूर झाले आणि पुढच्याच महिन्यातील निवडणुकीत बर्कली पडले. आपल्या पराभवाचे एक कारण हे विधेयकच होते, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर मजूर पक्षाचे लिओ अॅब्स यांनी कॉमन्समध्ये आणि लॉर्ड आरन यांनी वरिष्ठ सभागृहात लावून धरलेला कायदा जुलै १९६७ मध्ये झाला. त्याच्या बाजूने मत देणाऱ्या मोजक्या हुजूर खासदारांत मार्गारेट थॅचर होत्या.

त्या कायद्यात मोकळीक होती, मान्यता नव्हती. वयाची अट एकवीस वर्षांची होती, सैन्यदल आणि व्यापारी जहाजांवरील खलाशी त्यातून वगळले होते, आणि कायदा फक्त इंग्लंड व वेल्सपुरता होता. स्कॉटलंडला १९८० पर्यंत आणि उत्तर आयर्लंडला १९८२ पर्यंत थांबावे लागले. विधेयक मंजूर होत असताना लॉर्ड आरन यांनी समलिंगी लोकांना आवाहन केले, की ज्यांच्यासाठी तुरुंगाची दारे उघडली आहेत त्यांनी शांतपणे आणि प्रतिष्ठेने वागून कृतज्ञता दाखवावी. समलिंगी हुजूर कार्यकर्त्याला पुढची वीस वर्षे पक्षात जी जागा मिळाली, ती नेमकी याच अटीवर मिळाली. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर पीटर कॅम्पबेल या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांच्या पुढाकाराने पक्षांतर्गत समलिंगी समता गट उभा राहिला, त्यात हार्वेही सक्रिय झाले. जाहीरपणे आपले नाव लावून पक्षाशी वाद घालणारी ही पहिली माणसे होत, आणि त्यांचे मोल आजवर पुरेसे ओळखले गेलेले नाही असे मला वाटते.

ही अट किती कडक आहे हे १९८८ मध्ये उघड झाले. आदल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्लॅकपूलच्या पक्ष अधिवेशनात तोवर पंतप्रधान झालेल्या थॅचर यांनी तक्रार केली, की मुलांना नैतिक मूल्ये शिकवण्याऐवजी समलिंगी असण्याचा त्यांना अविभाज्य हक्क आहे असे शिकवले जात आहे. १९६७ मध्ये शिक्षा रद्द करण्यासाठी मत देणाऱ्या थॅचर आणि हे भाषण करणाऱ्या थॅचर यांच्यात विसंगती दिसते, पण ती वरवरची आहे: खासगीपणाचा युक्तिवाद जिथे संपतो, तिथून हे भाषण सुरू होते. पाठोपाठ आलेल्या स्थानिक शासन कायद्याच्या कलम २८ ने स्थानिक संस्थांना समलैंगिकतेचा ‘प्रसार’ करण्यास आणि शाळांतून समलिंगी नात्याला ‘तथाकथित कुटुंब’ म्हणून मान्य असल्याचे शिकवण्यास मनाई केली. या कलमाखाली कोणालाही शिक्षा झाली नाही, परंतु चिडवल्या जाणाऱ्या मुलाची बाजू घ्यावी की नाही, या धास्तीत शिक्षकांची एक पिढी गप्प राहिली. शिक्षेविना साधलेली ही गप्प बसवणूकच या कायद्याचे खरे नुकसान होय. त्याच सरकारचे आरोग्यमंत्री नॉर्मन फाउलर यांनी एड्सविषयीची स्पष्ट माहिती देणारे पत्रक १९८७ मध्ये घरोघर पोहोचवले आणि त्यातून असंख्य जीव वाचले, हेही याच हिशेबात धरले पाहिजे.

नव्वदच्या दशकात बदल झाला तो अर्धामुर्धा. पंतप्रधान जॉन मेजर यांनी १९९१ मध्ये समलिंगी हक्कांसाठी लढणारे अभिनेते इयान मॅकेलन यांना पंतप्रधान निवासस्थानी भेटीस बोलावले. फेब्रुवारी १९९४ मध्ये हुजूर खासदार एडविना करी यांनी संमतिवय सर्वांसाठी सारखे, म्हणजे सोळा करण्याची दुरुस्ती मांडली. ती २८० विरुद्ध ३०७ मतांनी फेटाळली गेली आणि अठरावर तडजोड झाली. मतदारसंघ निवड समितीसमोर पत्नीसह हजर राहण्याची प्रथा असलेल्या पक्षात अविवाहित उमेदवाराकडे संशयाने पाहिले जाई. विद्यमान हुजूर खासदाराने स्वतःहून आपण समलिंगी असल्याचे जाहीर करायला २००२ साल उजाडावे लागले. ते खासदार होते अॅलन डंकन. पुढच्याच वर्षी मजूर सरकारने इंग्लंड आणि वेल्समधून कलम २८ हटवले. त्या कलमाबद्दल हुजूर पक्षाचे तेव्हाचे नेते डेव्हिड कॅमेरून यांनी पक्षाच्या वतीने माफी मागितली ती २००९ मध्ये.

२०११ मध्ये पक्षाच्या मँचेस्टरच्या अधिवेशनात तोवर पंतप्रधान झालेले कॅमेरून म्हणाले, की मी हुजूर असूनही समलिंगी विवाहाला पाठिंबा देतो असे नाही, तर मी हुजूर आहे म्हणूनच देतो. माणसे एकमेकांशी बांधली गेली, एकमेकांची जबाबदारी घेऊ लागली की समाज बळकट होतो. मग त्या बंधनापासून कोणाला दूर का ठेवायचे, असा तो युक्तिवाद होता. खासगीपणाच्या युक्तिवादाने फक्त सहन केले जाण्याची हमी दिली होती. या दुसऱ्या युक्तिवादाने चारचौघांत उभे राहण्याचा अधिकार मागितला, आणि तोही परंपरावादी विचारातूनच.

५ फेब्रुवारी २०१३ रोजी कॉमन्समध्ये झालेल्या चर्चेत हुजूर खासदार माइक फ्रीअर यांनी स्वपक्षीयांना सांगितले, की समित्यांत, चहाच्या खोलीत आणि मतदानाच्या रांगेत मी तुमच्या शेजारी असतो, पण लग्नाची वेळ आली की तुम्ही मला बाजूला होऊन वेगळ्या रांगेत उभे राहायला सांगता. विधेयक ४०० विरुद्ध १७५ मतांनी पुढे गेले, आणि मार्च २०१४ मध्ये पहिले विवाह लागले. परंतु त्या रात्री बाजूने मत देणाऱ्यांपेक्षा विरोधात मत देणारे हुजूर खासदार अधिक होते, आणि दोनच दिवस आधी पक्षाच्या स्थानिक पदाधिकाऱ्यांनी विरोधाचे पत्र पंतप्रधानांच्या दारी पोहोचवले होते. कायदा हुजूर पंतप्रधानांनी आणला हे जितके खरे, तितकेच तो मजूर आणि लिबरल डेमोक्रॅट मतांवर तरला हेही खरे.

शेजारच्या आयर्लंडमध्ये लिओ वराडकर यांनी जानेवारी २०१५ मध्ये, विवाहाच्या सार्वमताला चार महिने असताना, आपण समलिंगी असल्याचे सांगितले आणि जून २०१७ मध्ये ते पंतप्रधान झाले. मालवण तालुक्यातील वराड हे त्यांच्या वडिलांचे गाव म्हणून आपल्याकडे त्यांचे कौतुक झाले; त्यांचा फिना गेल हा मध्यापासून उजवीकडे झुकलेला पक्ष आहे, याकडे फारसे कोणी पाहिले नाही. भारताशी या इतिहासाचा आणखी थेट संबंध आहे. लंडनने १९६७ मध्ये आपल्या घरचा कायदा सैल केला, तरी वसाहतींत पेरलेला कायदा तसाच राहिला होता. एप्रिल २०१८ मध्ये राष्ट्रकुल परिषदेच्या वेळी पंतप्रधान टेरेसा मे यांनी त्याबद्दल खेद व्यक्त केला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधील संमतीने होणाऱ्या संबंधांचा भाग ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केला.

हुजूर पक्षात आता वाद आहे तो पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींच्या प्रश्नावर. समलिंगी व्यक्तींना ‘बदलण्याच्या’ तथाकथित उपचारांवर बंदी घालताना त्यातून पारलिंगींना वगळण्याचे बोरिस जॉन्सन सरकारने २०२२ मध्ये ठरवले, तेव्हा शंभरहून अधिक संस्थांनी सरकारच्या नियोजित जागतिक समानता परिषदेतून अंग काढून घेतले आणि परिषदच रद्द झाली. त्याच सुमारास हुजूर खासदार जेमी वॉलिस यांनी आपण पारलिंगी असल्याचे जाहीर केले. मुलांच्या संरक्षणाचा १९८८ मधील मुद्दा या वादात पुन्हा मांडला जात आहे. पक्षातील समलिंगी माणसे या वेळी दोन्ही बाजूंना आहेत, आणि २०२४ मध्ये हुजूर पक्ष सत्तेवरून गेला तोपर्यंत बंदीचा कायदा झालेला नव्हता.