दगडी पाला

दगडी पाला, एकदांडी किंवा कंबरमोडी (शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स, सूर्यफुलाचे कुल) ही बांधावर, पडीक रानात, रस्त्याच्या कडेला पसरणारी वनस्पती. गुडघा फुटला की तिचा पाला ओरबाडायचा, तळहातावर चुरडून हिरवा रस जखमेवर पिळायचा आणि चोथा वर दाबून धरायचा, हा उपाय महाराष्ट्रातल्या खेड्यांत पोरासोरांनाही ठाऊक असतो. रस पडताच चुरचुरते, रक्त थोड्या वेळात थांबते.

पाने समोरासमोर, दातेरी, हाताला खरखरीत. वीतभर उंच, बिनपानाच्या दांड्यावर एकच फूल येते. मध्ये पिवळी चकती आणि भोवती टोकाला तीन दाते असलेल्या चार-पाच फिकट पाकळ्या, ही तिची खूण.

हिला सर्रास ‘आयुर्वेदातली प्राचीन वनस्पती’ म्हटले जाते. ते खरे नाही. तिचे मूळ घर उष्ण कटिबंधातील अमेरिका, म्हणजे चरक-सुश्रुतांना ती दिसलेलीच नव्हती. सुश्रुताने व्रणाचे (जखमेचे) साठ उपक्रम, म्हणजे उपचार, सांगितले, त्यांत मध-तूप आहे, दगडी पाला नाही. परक्या तणाचा गुण हेरला तो गुराख्यांनी आणि शेतकऱ्यांनी, हेच अधिक कौतुकाचे.

पुरावा मात्र बेताचा आहे. 1980 नंतर भारतात उंदरांवर प्रयोग झाले. त्यांत जखम भरताना तयार होणाऱ्या नव्या ऊतीतील प्रथिने वाढल्याचे आणि कोलॅजनचे (त्वचेला बळकटी देणाऱ्या प्रथिनाचे) धागे जोडणारे लायसिल ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) अधिक सक्रिय झाल्याचे आढळले. माणसांवरच्या मोठ्या, काटेकोर चाचण्यांचे पाठबळ त्यामागे नाही. तुलनेने मधाची बाजू भक्कम आहे: 2015 च्या कॉक्रेन आढाव्यानुसार (अनेक वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारा अहवाल) मध्यम खोलीचे भाजलेले व्रण नेहमीच्या मलमपट्टीपेक्षा मधाने चार-पाच दिवस लवकर भरतात.

किरकोळ खरचटल्यावरचे रक्त नुसते दाबून धरले तरी काही मिनिटांत थांबते. त्यामुळे गुण पाल्याचा की अंगठ्याचा, हे घरच्या अनुभवावरून ठरत नाही. शिवाय पाला जमिनीलगतचा, आणि धनुर्वाताच्या जंतूंची बीजे मातीतच असतात. धुतलेल्या पानांनीही ती भीती पुरती जात नाही. खोल किंवा मातीने भरलेली जखम वाहत्या पाण्याने धुऊन दवाखाना गाठावा. कुत्रा चावल्यास पाला, हळद, चुना काहीही न लावता साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावे आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी.