सापाच्या अंड्यांची कृत्रिम उबवणी

पाळलेल्या सापाने घातलेली अंडी काढून घेऊन ती यंत्रात, नेमून दिलेल्या तापमानाला उबवण्याची पद्धत. अमेरिका-युरोपातल्या सर्पपालकांत ती रुळलेली आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या बॉल पायथन या बुटक्या अजगरासाठी ती सर्रास वापरली जाते.

बॉल पायथनची अंडी ३१ ते ३२ अंश सेल्सिअसला ठेवली तर साधारण ५५ ते ६० दिवसांत फुटतात. उत्तर अमेरिकेतल्या कॉर्न स्नेकला एवढी ऊब सोसत नाही. त्याला २६ ते २९ अंश पुरतात. तापमान उतरले तर दिवस लांबतात. चढले तर मात्र पिल्लू लवकर बाहेर येते, पोटाला बलक तसाच लोंबत असतो किंवा कणा जागोजागी वाकलेला असतो. थोडा वेळ आलेला गारवा अंडी बहुधा निभावून नेतात, उष्णतेचा झटका नाही. म्हणून यंत्र लावताना चूक करायचीच तर थंडीच्या बाजूने करावी. मगरीत आणि बऱ्याच कासवांत नर-मादी तापमानावर ठरतात, सापांत ते गुणसूत्रांवर ठरते. त्यामुळे ‘अंश वाढवून माद्या काढू’ हा हिशेब इथे चालत नाही.

मापायचे असते ते अंड्याचे तापमान, यंत्रातल्या हवेचे नव्हे. थर्मोस्टॅटची, म्हणजे तापमान नेमके राखणाऱ्या उपकरणाची, उष्णता मोजणारी तार यंत्राच्या भिंतीला चिकटवून ठेवली की आकडा बरोबर दिसतो आणि डब्यातली अंडी मात्र दोन अंशांनी वेगळीच असतात. तारेचे टोक अंड्यांच्या शेजारी हवे. रिकाम्या जागेत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवतात; वीज गेली तरी पाणी धरलेली उष्णता हळूहळू सोडते. शेवटच्या दिवसांत वाढलेली पिल्ले स्वतःच थोडी उष्णता सोडतात, तेव्हा आकडा पुन्हा तपासावा लागतो. पिल्लांना त्याच सुमारास हवाही जास्त लागते, म्हणून डबा अधूनमधून उघडतात.

अंडी ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिजाच्या कणांत, अर्धी रुतवतात. कवच चामड्यासारखे असते, पाणी शोषते. ओल कमी पडली की अंड्याला खळगा पडतो. झाकणावर जमलेले थेंब अंड्यावर टपकू नयेत म्हणून झाकण किंचित तिरके ठेवतात. कोंबडीचे अंडे दिवसातून कैकदा फिरवतात. सापाचे अजिबात नाही. भ्रूण वरच्या बाजूला कवचाच्या आतून चिकटतो, उलटला तर बलकाखाली दबून मरू शकतो. म्हणून अंडी उचलण्याआधीच प्रत्येकाच्या माथ्यावर पेन्सिलीने खूण करतात. अंधारात बॅटरी लावली की जिवंत अंड्यात लाल शिरांचे जाळे दिसते.

निसर्गात हे काम मादी करते. बर्मी अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून स्नायू आखडत-सोडत राहते, आणि तिचे अंग भोवतालच्या हवेहून गरम होते. १८४१ मध्ये पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात वालांसिएन या प्राणिशास्त्रज्ञाने ही ऊब मोजून नोंदवली. आपल्याकडचा अजगरही असाच थरथरतो. बॉल पायथन मात्र थरथरत नाही. तिच्या वेटोळ्याने अंड्यांतले पाणी टिकते, हाच मोठा लाभ.

भारतात नाग, धामण, अजगर हे देशी साप पाळणे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने मना आहे. बॉल पायथनसारखे परदेशी साप त्याच कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर नोंदणीच्या कक्षेत आले. महाराष्ट्रात हे तंत्र दिसते ते सर्पमित्रांकडे: पायाच्या खोदकामात उघडी पडलेली धामणीची अंडी ओल्या मातीच्या डब्यात उबवायची आणि पिल्ले रानात सोडायची, तीही वनखात्याला कळवून.

पिल्लू तोंडाच्या टोकावरच्या तात्पुरत्या दाताने कवचाला चीर पाडते. चिरेतून चिकट पाण्याचा बुडबुडा येतो, मग नाकाचे टोक. त्यानंतर एक-दोन दिवस ते तसेच आत बसून उरलेला बलक ओढून घेते. तेवढा वेळ हात लावायचा नाही, तापमानही बदलायचे नाही.