सुटलेलं पुस्तक आणि उणं पुस्तक

जुनं सचित्र पुस्तक पाठीतून सुटलं की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला. ‘यामा काय ऱ्हायनं आते, भाऊ? चित्रं काढी ल्या, फ्रेम करी ल्या.’ जळगाव, धुळे, भुसावळ, कुठंही जा, हेच ऐकू येतं. या सल्ल्यापायी धडधाकट पुस्तकं फाडली गेलेली मी इतकी पाहिलीत की आता एकदा नीट लिहूनच ठेवतो. पुस्तक सुटणं वेगळं आणि उणं होणं वेगळं. डागडुजी करायची की चित्रं सुटी करायची, हे या एका फरकावर ठरतं, आणि नेमका तोच कुणी तपासत नाही.

पोथी तुम्हाला माहीत आहे, तिच्यावर फार वेळ घालवत नाही. आडवी पानं, शिवण नाही, वर-खाली फळी किंवा पुठ्ठा, बाहेरून रुमाल. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात आणि समर्थ वाग्देवता मंदिरात अशा पोथ्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे जपून ठेवलेले आहेत. पानं सुटी आहेत म्हणून पोथी वाया गेली असं तिथं कुणी म्हणत नाही. पानं मोजायची, क्रम लावायचा, रुमाल बांधायचा. शिवलेल्या पुस्तकाची शिवण गेली तर त्याची फार तर पोथी झाली. त्यापलीकडे त्याचं काही बिघडलेलं नसतं.

मग सचित्र पुस्तकाच्याच बाबतीत लोकांचा धीर का सुटतो? कारण त्यातून पहिल्यांदा चित्रं निखळतात, आणि चित्र हातात आलं की पुस्तक संपलं असं वाटतं. एकोणिसाव्या शतकातल्या पुष्कळ पुस्तकांत मजकूर आणि चित्रं वेगवेगळी छापली जात. मजकूर खिळ्यांवर, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांवर, आणि चित्र तांब्याच्या किंवा पोलादी पत्र्यावरून नाहीतर शिळेवरून, तेही बहुतेक वेळा जाड कागदावर. मजकुराच्या तावाला घड्या पडून फर्मा होतो आणि घडीच्या मधोमध दोरा जातो. चित्राचं पान बहुधा एकेरी. त्याला घडी नाही, म्हणजे दोरा धरायला जागा नाही. आतल्या कडेला बोटाच्या नखापेक्षा अरुंद पट्टी खळ लावून ते शेजारच्या पानाला चिकटवलेलं असतं, एवढंच. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, त्यात ती खळ सुकून तडकते. पावसाळ्यात कसर तीच खळ खाते. चित्र हातात आलं म्हणजे पुस्तकातला सगळ्यात कच्चा सांधा सुटला. तो जोडण्याइतकं सोपं काम दुसरं नाही. गव्हाच्या पिठाची पातळ खळ, कडेला अगदी बारीक पट्टी, वर कोरा कागद, त्यावर वजन, आणि एक रात्र.

उणं पुस्तक ते, ज्यातलं काही कायमचं गेलंय. हे डोळ्यांनी अंदाज करून कळत नाही, मोजावं लागतं. सुरुवातीला चित्रांची यादी असेल तर तिच्याशी एकेक चित्र ताडून बघा. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानावर खाली बारीक अक्षर किंवा आकडा असतो, ती माळ कुठं तुटते का ते पाहा. मग पाठीजवळ बोट फिरवा. चित्र आपोआप सुटलं असेल तर तिथं खळीची खरखरीत रेघ लागते. कुणी पातं चालवलं असेल तर कागदाची सरळ, धारदार कड राहते. ही कड हाताला लागली की समजा, ते चित्र घरात सापडणार नाही.

एक खूण फारच थोड्यांना ठाऊक असते. चित्र वर्षानुवर्षं समोरच्या पानाला टेकलेलं राहिलं की त्याची फिकट सावली त्या पानावर उमटते. चोपड्याकडच्या एका घरातून माझ्याकडे पक्ष्यांचं पुस्तक आलं. पुठ्ठा वाळवीनं खाल्लेला, पाठ नाही, चित्रांचा वेगळा गठ्ठा सुतळीनं बांधलेला. ‘चार चित्रं हरवली आहेत, बाकीची तुम्हीच फ्रेमला लावा,’ असं घरच्यांनी सांगितलं. चित्र नसलेल्या एका जागी मजकुराच्या ओळींवर खंड्याची तपकिरी सावली होती, उलटी. लांब चोच, पाठ, खालची फांदी, सगळं दिसत होतं. बाकीच्या तीन ठिकाणी चित्राला टेकणारं पान अगदी स्वच्छ होतं. म्हणजे ती तिन्ही चित्रं फार पूर्वीपासून जागेवर नव्हती. मी त्यांना घरातली ट्रंक परत बघायला सांगितलं. तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली तिन्ही मिळाली. खंड्याच्या जागी मात्र कापलेली कड होती.

चार उणी वाटलेली, निघालं एक. पुस्तक मोजायच्या आधी फ्रेमवाल्याकडे गेलं असतं तर?

डाग, धूळ, तपकिरी ठिपके, पुठ्ठा गेलेला, कोपरे झिजलेले, यांचा या निर्णयाशी काही संबंध नाही. त्यावर चर्चाच नको.

कागद ठिसूळ असेल तर मात्र गोष्ट वेगळी. शाई पसरू नये म्हणून बनवतानाच तुरटी-राळेची खळ दिलेला आणि लाकडाच्या लगद्याचा बराच जुना कागद आतल्या आम्लानंच खंगतो, आणि आपल्या कोरड्या उष्म्यात जरा लवकरच. शेवटच्या कोऱ्या पानाचा कोपरा हलकेच वाकवा. तुटला तर शिवू नका, कारण दोराच पान कापेल. पेटीत ठेवा, पोथीसारखं.

आता ज्या गोष्टी पाहून माझा जीव तळमळतो त्या सांगतो. सेलोटेप: काही वर्षांत टेप गळून पडते आणि पिवळा चिकट पट्टा कागदात मुरलेला राहतो. फेविकॉल: एकदा बसला की कागद फाटेल पण तो सुटणार नाही. लॅमिनेशन सगळ्यात वाईट, त्यातून परतीची वाटच नाही. आणि कटिंग मशीन. माझ्या आजोबांचं सचित्र पुस्तक एका बाइंडरनं ‘कडा सारख्या करतो’ म्हणून मशीनखाली घातलं. तीन बाजूंनी बोटभर कागद गेला, त्याबरोबर चित्रांखालची नावंही गेली. बांधणी सुरेख झाली होती. पुस्तक उणं झालं होतं.

चित्राखालचं नाव, शेजारचा मजकूर यांना मी इतकं का धरून बसतो ते अजिंठ्यावरून कळेल. ब्रिटिश अमदानीतले लष्करी अधिकारी आणि चित्रकार मेजर रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्याची चित्रं उतरवण्यात वर्षानुवर्षं घालवली. १८७९ मध्ये ते वारले, त्यांची कबर भुसावळला आहे. त्यांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनगृहाच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यातल्याही पुष्कळ १८८५ मध्ये लंडनलाच आगीत सापडल्या. १८९६-९७ मध्ये निघालेल्या ग्रिफिथ्स यांच्या अजिंठ्याच्या चित्रांवरच्या दोन खंडांचं मोल त्यामुळेच एवढं. अशा ग्रंथातलं पान दिवाणखान्यात टांगलं, की ते कुठल्या लेण्यातलं, कुठल्या भिंतीवरचं, हे सांगणारा मजकूर त्याच्यापासून तुटतो. मग उरते फक्त शोभा.

विकणाऱ्याचं गणित मला कळतं. अख्ख्या ग्रंथाला एकच गिऱ्हाईक शोधावं लागतं, सुट्या चित्रांना दहा मिळतात. पण अख्खं किंवा जवळजवळ अख्खं पुस्तक असेल तर माझं उत्तर नाही असंच आहे. मजकूर बहुतेक गेलाय, चार-सहा चित्रं उरलीत, तीही वेगवेगळ्या जागी, एवढ्याच वेळी सुटी करा. तेव्हाही चित्रामागे मऊ पेन्सिलीनं ग्रंथाचं नाव, साल आणि पान लिहा, आणि उरलेला मजकूर रद्दीत घालू नका.

ते पक्ष्यांचं पुस्तक मी शिवलेलं नाही. क्रम लावून, वर-खाली जाड पुठ्ठा देऊन सुती रुमालात बांधलंय. खंड्याच्या सावलीसमोर एक कोरा कागद घातलाय. त्यावर पेन्सिलीनं लिहिलंय: खंड्या, चित्र नाही, पातं लावून काढलेलं.